गप्प बसायचा प्रश्न

मी गुंडाळी फळा बोलतोय. भिंतीतल्या फळ्यासारखा मी एका जागी खिळलेला नाही. मला गुंडाळायचं, काखेत मारायचं आणि चालू लागायचं. शिक्षक व्हायला निघालेल्या माणसांसाठीच माझा जन्म. लोकांना वाटतं, फळ्याला काय कळतंय, लिहिलं की लिहिलं, पुसलं की पुसलं. पण मी जे पाहिलं आणि ऐकलं, त्याचा धक्का काही केल्या पुसला जात नाही. म्हणून आज तोंड उघडतोय.

जाड कापडाला काळ्या रंगाचे थरावर थर दिले, वर-खाली लाकडी दांडे ठोकले, बांधायला नाडी लावली आणि मी झालो. अध्यापक विद्यालयासमोरच्या दुकानात मी छत्र्यांच्या शेजारी उभा असायचो. एक दिवस एका बाईने मला उलगडून पाहिलं, नखाने रंग खरवडून बघितला आणि म्हणाली, "कडा उसवतात का हो याच्या?"

दुकानदार म्हणाला, "ताई, फळा घेताय की लुगडं?"

ती हसली आणि तिने मला घेतलं. वर्गात सगळे तिला 'वहिनी' म्हणत. बाकी पोरंपोरी विशीतली, लग्न झालेली ही एकटीच. मधली कितीतरी वर्षं संसारात घालवून तिने पुन्हा पाटी हातात घेतली होती.

कडांची काळजी तिने उगाच केली नव्हती. तिचा नवरा शिंपी. घरी नेल्या नेल्या त्याने मला मशीनवर घेतलं आणि चारही बाजूंनी गोट मारला. "फळ्याला गोट लावणारा मीच पहिला असेन," असं म्हणत होता. पण सुईत दोरा ओवायला त्याने आईला हाक मारली. शिवून शिवून त्याचे डोळे थकले होते. म्हातारीची नजर मात्र घारीची आणि जीभ त्याहून तिखट.

"पोराला दिसेना, सून शाळेला," सासूबाई दोरा ओवत म्हणाल्या. "घरात कमावतं कोण राहणार, हा फळा?"

तेव्हा मला कळलं की माझ्यावर बरंच काही लटकलेलं आहे. ज्या शाळेत हे शिकाऊ शिक्षक सराव पाठ घ्यायचे, तिथे एक जागा रिकामी होणार होती. मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता, ज्याचा अंतिम पाठ सगळ्यात चांगला होईल त्याला ती जागा. शिंप्याचं दुकान बंद व्हायच्या आधी वहिनीला ती हवी होती.

मी मनात म्हटलं, आपण जीव तोडून साथ द्यायची. आणि पहिल्याच दिवशी धक्का बसला.

मला वाटलं होतं, वर्गात जायचं, मुलं विचार करणार, बोलणार, मग वहिनी माझ्यावर लिहिणार. छे! तिने सकाळी घरीच, ओट्याशेजारी मला पसरून, रंगीत खडूने सगळं लिहून काढलं. 'सूर्य खाली असला की सावली लांब पडते. सूर्य वर आला की सावली आखूड होते.' खाली ठळक रेघ. मग तो भाग आत घेऊन मला गुंडाळलं आणि नाडी बांधली.

म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न मागून! मी गुंडाळलेल्या पोटात उत्तर घेऊन बसमधून अध्यापक विद्यालयाकडे निघालो आणि मला वाटत होतं, आपण चोरीचा माल घेऊन चाललोय.

पण ही रीतच होती. शिकाऊ शिक्षकांना शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'टाचणबाई' म्हणत, कारण समोर कोणीही आलं की त्यांचा पहिला शब्द "टाचण?" पाठटाचण म्हणजे पाठाचा आराखडा. शिक्षकाने काय विचारायचं हे एका बाजूला आणि मुलांनी काय उत्तर द्यायचं हे दुसऱ्या बाजूला. मुलांनी वर्गात पाऊल टाकायच्या आधीच त्यांची उत्तरं लिहून तयार!

टाचणबाई वाईट नव्हत्या. त्या पोटतिडकीने सांगत, "नियोजन नसलेला पाठ म्हणजे पत्ता न घेता निघालेला माणूस. आधी सोपे प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न असा विचारा की मुलं अडली पाहिजेत. अडली की उत्सुकता जागते. मग म्हणायचं, 'तर मुलांनो, आज आपण अमुक शिकणार आहोत,' आणि फळा उलगडायचा."

त्या शेवटच्या प्रश्नापुढे, उत्तराच्या जागी, सगळ्यांच्या टाचणात एकच ओळ असायची. विद्यार्थी निरुत्तर.

वहिनी घरी पाठ बसवायची. इस्त्रीच्या टेबलाशी ती उभी, समोर वर्ग म्हणून सासूबाई आणि मशीनवर बसलेला नवरा.

"मुलांनो, सकाळी शाळेत येताना तुमची सावली कशी असते?"

"लांबडी," सासूबाई.

"आणि दुपारी?"

"बुटकी. माझ्यासारखी."

"शाब्बास. मग ती लांब आणि आखूड का बरं होते?"

"अगं, सूर्य जसा..."

"आई! इथे गप्प बसायचं."

"का म्हणून? मला येतंय की."

"येत असलं तरी. टाचणात लिहिलंय, विद्यार्थी निरुत्तर."

सासूबाई ताठ झाल्या. "जन्मात कुणापुढे निरुत्तर झाले नाही मी. तुझ्या सासऱ्यापुढे नाही, आता तुझ्या परीक्षेपायी होऊ?"

शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "आई, एकदा गप्प बसून दाखव. दुकानाला सुट्टी देतो."

मीही हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच वाटलं होतं.

सराव पाठाचा दिवस आला. वहिनीने मला खिळ्याला अडकवलं. वरचा भाग मोकळा, खालचा गुंडाळलेला, त्यामुळे मला सगळा वर्ग दिसत होता. मागच्या बाकावर टाचणबाई. पुढे गोड चेहऱ्याची मुलं, हाताची घडी घालून.

सकाळची सावली झाली, दुपारची झाली. मग वहिनीने शेवटचा प्रश्न विचारला.

आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला. इतका नीट, इतका एका झटक्यात की मला आश्चर्य वाटलं. अडलेलं मूल डोकं खाजवतं, छताकडे बघतं, शेजाऱ्याला ढोसतं. इथे तसं काहीच नाही. पहिल्या बाकावरचा एकजण तर चक्क हसू दाबत होता.

तेवढ्यात खिडकीजवळ एक हात वर झाला. ही मुलगी नुकतीच या शाळेत आली होती, तिला सगळे 'नवी' म्हणत. तिच्या शेजारी बसलेल्या दोन वेण्यांच्या वर्गप्रमुखाने तो हात धरून खाली ओढला.

"हात खाली घे गं! हा गप्प बसायचा प्रश्न आहे."

माझे दांडे गार पडले. म्हणजे यांना येत होतं! सगळ्यांना येत होतं! दरवर्षी शिकाऊ शिक्षक येत, हेच पाठ याच वर्गात बसवत, आणि मुलांनी एवढंच पक्कं शिकून घेतलं होतं की शेवटच्या प्रश्नाला तोंड उघडायचं नाही. नाटकात मुक्याचं काम असतं तसं.

पण नवीला ही रीत ठाऊक नव्हती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सूर्य खाली असला की सावली लांब पडते, वर आला की आखूड होते. आमच्या आजोबांची खुर्ची..."

वहिनीने मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे टाचणबाईंचं पेन वर उचललेलं होतं. वहिनीचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. अख्खा पाठ एका पोरीने एका वाक्यात संपवला होता आणि तास तर आत्ता सुरू झाला होता.

"खाली बस," वहिनी म्हणाली. "ते अजून शिकवलेलं नाही."

हे वाक्य मी कितीदा तरी आठवलं असेल. ते अजून शिकवलेलं नाही, म्हणून तुला ते येत नाही. येत असलं तरी येत नाही! वर्ग खो खो हसला. नवी खाली बसली.

"तर मुलांनो," वहिनी म्हणाली, "आज आपण सावली या घटकाचा अभ्यास करणार आहोत." आणि तिने माझी नाडी सोडली.

मी सर्रकन उलगडलो. धरणीमाते पोटात घे, असं मला झालं. नवीचं तेच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द तेच, वहिनीच्या वळणदार अक्षरात माझ्या अंगावर होतं. नवीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग वर्गाने ते एका सुरात म्हटलं आणि तिने ओठ हलवले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिली.

पाठ संपल्यावर टाचणबाई म्हणाल्या, "वर्गनियंत्रण उत्तम. एक मुलगी मधे बोलली, पण तुम्ही पाठ रुळावरून घसरू दिला नाहीत. अंतिम पाठ असाच झाला तर जागा तुमचीच समजा."

त्या दिवशी वहिनी हसतच घरी गेली. मीच काय तो तिच्या काखेत थिजलेला होतो.

पुढच्या सराव पाठाला ती जरा लवकर पोचली. वर्गात मोजकीच मुलं होती. मला खिळ्याला लावता लावता तिचं नवीकडे लक्ष गेलं आणि ती सहज, अगदी मायेने म्हणाली, "नाव काय गं तुझं?"

नवी उठून उभी राहिली. आधी तिने वर्गप्रमुखाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं,

"बाई, हा गप्प बसायचा प्रश्न आहे का?"

मी वहिनीच्या हातून सुटलो आणि दांड्यासकट जमिनीवर आदळलो. तिने मला उचललंसुद्धा नाही. वर्गप्रमुखाने उचललं, धूळ झटकली आणि शहाण्यासारखी म्हणाली, "नाही गं, नाव सांगायचं असतं."

घरी आल्यावर वहिनीने हे जसंच्या तसं सांगितलं. मशीन थांबलं. मला वाटलं, आता सासूबाई काहीतरी फटकन बोलतील. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि हातातला दोरा बोटाला गुंडाळत बसल्या. जन्मात पहिल्यांदा म्हातारी निरुत्तर झाली, आणि कुणालाही तिची थट्टा सुचली नाही.

शेवटी शिंप्याने विचारलं, "मग आता?"

"आता काय? टाचण मंजूर झालंय. पाठ तोच, वर्ग तोच. बाहेरचे परीक्षक येणार. एक शब्द बदलला तरी गुण जातात." तिने मला भिंतीला टेकवलं. "आणि जागाही."

शिंपी चष्मा पुसत राहिला. "दुकान मी अजून ओढतो," एवढंच म्हणाला. खरं म्हणजे तो ओढू शकत नव्हता, हे त्या खोलीत आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अंतिम पाठाच्या सकाळी तिने माझ्यावर तीच दोन वाक्यं लिहिली. मी समजून चुकलो. चला, पुन्हा एकदा त्या पोरीचं वाक्य तिच्याच तोंडावर फेकायचं. नाडी आवळली गेली आणि मी अंधारात गेलो.

वर्गात गेल्यावर मात्र मी खिळ्याला काही लागलो नाही. तिने मला कोपऱ्यात, केरसुणीशेजारी उभं केलं. असं कधीच झालं नव्हतं! म्हणून यापुढचं मी पाहिलेलं नाही, गुंडाळीच्या आतून ऐकलेलं आहे.

"सकाळी सावली कशी?" "लांब!" "दुपारी?" "आखूड!" "मग ती लांब-आखूड का होते?"

शांतता. परीक्षकांच्या पेनाची खरखर. आता 'तर मुलांनो' येणार, मला उचलणार. मी वाट बघतोय. काही येईना. नुसती वहिनीच्या चपलांची चाहूल, बाकांच्या मधून.

"तुम्हाला हे येतं," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

मग वर्गप्रमुखाचा आवाज आला, काळजीने भरलेला. "बाई, इथे आम्ही बोलायचं नसतं. तुमचं 'तर मुलांनो' राहिलंय."

मागच्या बाकावर टाचणबाई खोकल्या. माझा जीव नाडीत अडकला.

"ते आज म्हणायचं नाहीये," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी एकीचं वाक्य मी अर्ध्यात तोडलं. आजोबांच्या खुर्चीचं. ते मला पुरं ऐकायचंय."

मग खिडकीच्या बाजूने बारीक आवाज आला, "तुम्ही खाली बस म्हणणार नाही ना?"

"नाही."

"आजोबा अंगणात बसतात. उन्हाळ्यात त्यांना सावली हवी असते. दुपारी भिंतीची सावली एवढीशी होते, म्हणून मी खुर्ची पार भिंतीला चिकटवते. संध्याकाळी सावली पसरली की पुढे ओढते." मग तिला धीर आला असावा. "पण बाई, थंडीत त्यांना ऊन हवं असतं. तेव्हा दुपारीसुद्धा अंगणभर सावलीच. खुर्ची फाटकापर्यंत न्यावी लागते. दुपारी तर सावली आखूड व्हायला पाहिजे ना? मग थंडीत का होत नाही?"

हे टाचणात नव्हतं. माझ्यावर तर नव्हतंच. मी आतल्या आत माझी दोन्ही वाक्यं चाचपली, आणि पहिल्यांदा मला कळलं की माझ्यावर लिहिलेलं उत्तर किती तोकडं आहे.

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली.

परीक्षकांसमोर! अंतिम पाठात! पेनाची खरखर बंद पडली.

"शोधू या," ती म्हणाली. "मी बॅटरी आणलीय, ती कोण धरतंय?"

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू! बाकं सरकली. कुणीतरी खिडकी लावली. टेबलावर डबा टेकल्याचा आवाज आला. "ही भिंत!" "वर धर! वर!" "आखूड झाली!" "आता खाली आण. अजून!" "अरे, सूर्य आहे तो, पाडशील!" हशा. आणि त्या गलक्यात पहिल्या बाकावरच्या त्या हसू दाबणाऱ्या पोराचा आवाज, "म्हणजे थंडीत सूर्य दुपारीसुद्धा नीट वर चढतच नाही का?"

"कशावरून?" वहिनीने विचारलं.

"बघायला लागेल."

"कसं बघणार?"

यावर एकदम इतकी मुलं बोलली की मला एकच शब्द धड ऐकू आला. काठी. मैदानात काठी रोवायची आणि थंडीपर्यंत तिची सावली रोज आखून ठेवायची. सर्वांत मोठ्याने वर्गप्रमुख बोलत होती.

घंटा झाली. ठरलेले प्रश्न विचारायचे राहिले, स्वाध्याय द्यायचा राहिला, मी उलगडायचा राहिलो.

मुलं गेल्यावर परीक्षक पुढे आले. "बाई, तुमच्या टाचणात इथे 'विद्यार्थी निरुत्तर' असं लिहिलंय."

"हो सर," वहिनी म्हणाली. "चुकून मी झाले."

ते हसले नाहीत. "उत्तरं मुलांनीच शोधली, प्रश्नही मुलांनीच काढला. मग तुम्ही नेमकं काय शिकवलंत?"

वहिनीला यावर काही सांगता आलं नाही. दुसऱ्यांदा निरुत्तर. टाचणबाई तिथेच उभ्या असाव्यात, कारण मला त्यांचा सुस्कारा ऐकू आला. मग त्यांची पावलं दाराकडे गेली. त्या दिवशी त्यांनी "टाचण?" असं विचारलं नाही, एवढं मला नक्की आठवतं.

वहिनी काठावर पास झाली. जागा दुसऱ्याला गेली, ज्याच्या वर्गात मुलं अगदी वेळेवर गप्प बसली होती. शिंप्याचं दुकान पुढे बंद झालं. गोष्टीत व्हावं तसं गोड काही झालं नाही. सासूबाई मात्र येईल त्याला सांगत, "आमच्या सुनेला परीक्षेत प्रश्नाचं उत्तर आलं नाही, आणि तेच बरोबर होतं!" ऐकणारे चक्रावून जात.

वहिनीला पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका छोट्या शाळेत, कमी पगारावर काम मिळालं. मी आता तिथे असतो. माझा रंग विटलाय, एक दांडा तडकलाय, पण शिंप्याचा गोट अजून टाक्याला टाका शाबूत आहे. सकाळी ती मला कोरा अडकवते. प्रश्न विचारते आणि थांबते. ते थांबणं अजून माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. दर वेळी वाटतं, आता कुणी बोललंच नाही तर? मग कुठूनतरी एक हात वर होतो आणि मुलं येऊन माझ्यावर त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहितात. पुष्कळदा चुकीचं लिहितात. पुसतात, पुन्हा लिहितात.

शिक्षक व्हायला निघालेल्यांनो, एक जुना फळा तुमच्यापुढे हात जोडतोय. टाचण जरूर काढा, त्याशिवाय घराबाहेर पडू नका. फक्त उत्तराच्या बाजूला थोडी जागा कोरी ठेवा, तिथे कोण काय बोलेल याचा नेम नाही. आणि मला खुशाल गुंडाळा, कोपऱ्यात केरसुणीशेजारी उभं करा, माझी तक्रार नाही. मुलांना तेवढं गुंडाळू नका.